फ्रेंच क्रिस्टल: लॉरेनच्या जंगलपट्टीतच ही कारागिरी कशी टिकली?

सांजदिवा

फ्रेंच क्रिस्टलचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं लगेच किमतीवर जातं. एका पेल्याला एवढे पैसे? मग कोणाच्या बंगल्यात केवढं झुंबर आहे, यावर गाडी घसरते. या धाग्यात किंमत बाजूला ठेवून त्यामागच्या कामाबद्दल बोलावं असं मनात आहे.

नकाशा उघडून बघा. बाकारा, सँ-लुई, दोम, लालिक ही चारही नावं फ्रान्सच्या ईशान्य कोपऱ्यात सापडतात, लॉरेन आणि त्याला खेटून असलेल्या अल्सासच्या पट्ट्यात. झगमगीत दुकानं पॅरिसला, पण बहुतेक भट्ट्या खेड्यापाड्यांत. सँ-लुईचं मूळ १५८६ सालच्या एका काचभट्टीत आहे. बाकाराला पंधराव्या लुईने १७६४ मध्ये परवानगी दिली. दोम १८७८ पासून नान्सीत. लालिकचा कारखाना पहिल्या महायुद्धानंतर विंगेन-सुर-मोदेर या छोट्या गावात उभा राहिला.

काचभट्टीला लाकूड लागायचं म्हणून ती जंगलात, इथवर समजतं. पण लाकडाच्या भट्ट्या जाऊन कोळसा आला, मग गॅस आला. राजे गेले, क्रांती झाली, तीन मोठी युद्धं याच प्रदेशावरून गेली. तरी ही माणसं तिथेच बसून पेले फुंकताहेत. का? माझा मुख्य प्रश्न हा. बाकी क्रिस्टल बनतं कसं, यावरही जाणकारांनी भरभरून लिहा.

पाऊसवेडी

मस्त विषय. पुढची रांग पकडून बसले आहे.

खडूफळा

रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून सुरुवात मी करतो.

क्रिस्टल हे नाव असलं तरी ही वस्तू स्फटिक नाही, काचच आहे. साध्या काचेत वाळू, सोडा आणि चुना असतो. क्रिस्टलमध्ये वाळू, पोटॅश (लाकडाच्या राखेतून मिळणारा क्षार) आणि शिशाचं ऑक्साइड. जुनं प्रमाण साधारण तीन भाग वाळू, दोन भाग शिशाचं ऑक्साइड, एक भाग पोटॅश. हे शिसं घालायचं ते बहुधा शेंदराच्या रूपात. हो, तोच लालभडक शेंदूर. भट्टीत जाताना मिश्रण केशरी दिसतं आणि बाहेर येतं पाण्यासारखं नितळ.

शिशाने तीन गोष्टी होतात. काच जड होते. प्रकाश जास्त वाकवते आणि रंग जास्त फाकवते, म्हणून लोलकात इंद्रधनुष्य दिसतं. तिसरी गोष्ट कारागिराच्या कामाची: असा रस थंड होताना बराच वेळ मऊ राहतो आणि थंड झाल्यावरही काच तुलनेने मऊच असते, त्यामुळे तिला पैलू पाडता येतात. फुंकणाऱ्याला सवड मिळते, पैलू पाडणाऱ्याला खोली मिळते.

युरोपात १९६९ पासून याचा कायदा आहे. शिशाचं ऑक्साइड किमान २४ टक्के आणि घनता किमान २.९ असेल तरच 'शिशाचं क्रिस्टल' म्हणता येतं. ३० टक्के आणि घनता ३ असेल तर वरचा दर्जा. साध्या काचेची घनता २.५ च्या आसपास असते.

कोकणकडा

थोडक्यात, शेजाऱ्यांकडे पेला उचलल्यावर मनगट वाकलं तर समजावं की आज आपला मान मोठा आहे :)

खडूफळा

कोकणकडा, =)) मनगटासोबत कानही वापरा. पातळ कडेवर टिचकी मारली की साध्या काचेचा आवाज लगेच विरतो, क्रिस्टलचा घंटेसारखा लांबतो. यजमान बघत नसताना मारा.

दस्तऐवज

खडूफळा सरांनी रसायन सांगितलं, मी थोडा इतिहास जोडतो. एक गोष्ट आधी स्पष्ट करतो: शिशाचं क्रिस्टल ही फ्रेंचांची मूळ युक्ती नव्हे. जॉर्ज रॅव्हन्सक्रॉफ्ट या इंग्रजाने १६७४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या आधीच्या काचेला काही काळाने आतून बारीक तडे जाऊन ती धुरकट व्हायची, त्यावरचा इलाज म्हणून शिसं आलं. इंग्लंडमध्ये जहाजांसाठी ओक राखून ठेवायचे म्हणून १६१५ पासूनच काचभट्ट्यांना लाकूड जाळायला मनाई होती, त्यामुळे ते कोळशाकडे लवकर वळले.

दुसरीकडे बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेकियातल्या प्रदेशाची काच. शिसं नाही, पण जाड, स्वच्छ आणि कोरायला उत्तम. अठराव्या शतकात फ्रान्सच्या श्रीमंत घरांत टेबलावर एकतर बोहेमिया नाहीतर इंग्लंड. बाकाराची परवानगी मागताना लॉरेनमधल्या मेसच्या बिशपने राजाला कळवलं ते हेच: आपल्याकडे कलाकुसरीची काच होत नाही म्हणून बोहेमियाचा माल एवढा शिरतो. अर्थात बिशपचा आपला स्वार्थही होता. सात वर्षांच्या युद्धानंतर तिजोरी रिकामी होती. त्याच्या ताब्यात अफाट जंगल होतं, पण खारं पाणी उकळून मीठ काढणारा जवळचा कारखाना बंद झाल्याने लाकडाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. काचभट्टीसारखं लाकूड दुसरं कोण खाणार? मर्त नदीतून ओंडके तरंगत यायचे, थेट बाकाराच्या दारात.

पण तेव्हा बाकारात क्रिस्टल होत नव्हतं. खिडक्यांच्या काचा, आरसे, साधे पेले व्हायचे. फ्रान्समध्ये शिशाच्या क्रिस्टलचं कोडं सुटलं ते सँ-लुईला, १७८१ मध्ये. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ते इंग्रजी मालाच्या तोडीचं असल्याचं मान्य केलं. आणखी एक नाव विसरलं जातं: राणीच्या नावाने चाललेला क्रिस्टलचा कारखाना. तो पॅरिसजवळून ल क्रझोला हलवला, कारण तिथे कोळसा होता. १८३२ मध्ये बाकारा आणि सँ-लुईने मिळून तो विकत घेतला आणि बंद करून टाकला.

कोकणकडा

दोन वैऱ्यांनी मिळून तिसऱ्याचं दुकान बंद केलं. धंदा सगळीकडे सारखाच.

मोझेलकाठी

मी नोकरीनिमित्त याच भागात राहते, म्हणून राहवलं नाही. सँ-लुईची भट्टी बघितली आहे, त्याबद्दल लिहिते.

आधी गाव. व्होज डोंगररांगेच्या उत्तर टोकाला एक अरुंद दरी, दोन्ही बाजूंना गर्द झाडी, आणि रस्ता उतरत जातो तो सरळ कारखान्याच्या फाटकाशी. चर्च, कामगारांची घरं, कारखाना, संपलं गाव. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधीपासून इथे हेच चालतं.

आत भट्टीभोवती टोळ्या असतात. एका टोळीला तिथे 'प्लास' म्हणतात. प्रत्येकाचं काम ठरलेलं. एक जण लांब लोखंडी नळी भट्टीच्या तोंडात घालून रस गोळा करतो, मधात काठी फिरवल्यासारखी नळी सतत फिरवत. थांबलं की रस एका बाजूला लोंबतो. तो गोळा ओल्या लाकडी पळीत फिरवून सारखा करतात. लाकूड पाण्यात भिजवलेलं असतं, त्यामुळे काच आणि लाकूड यांच्यात वाफेचा पापुद्रा धरतो आणि काचेवर ओरखडा उमटत नाही. मग फुंकणारा साच्यात फुंकतो.

मला सर्वांत नवल वाटलं ते पेल्याच्या दांडीचं. फुगवलेल्या वाटीच्या बुडाशी दुसरा माणूस ताज्या रसाचा थेंब आणून धरतो. उस्ताद तो कात्रीने कापतो आणि चिमट्याने ओढून दांडी करतो. किती कापायचं याला माप नाही, नजर आहे. लगेच तिसरा माणूस आणखी एक थेंब आणतो, तो दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबत-फिरवत त्याची बैठक होते. हे सगळं चालू असताना कोणी कोणाला हाक मारत नाही. एक वळतो तेव्हा दुसरा तिथे आलेला असतो. आणि तयार पेल्याला वर एक बंद घुमट राहिलेला असतो, जिथे नळी चिकटलेली होती. तो नंतर, थंड झाल्यावर, हिऱ्याने रेघ मारून आणि ज्योतीवर फिरवून उडवतात. म्हणजे ज्या कडेला आपण ओठ लावतो ती कड सगळ्यात शेवटी जन्माला येते.

तिथून पेले एका लांब बोगद्यासारख्या भट्टीत सरकत्या पट्ट्यावरून जातात, तासन्‌तास, हळूहळू थंड होत. घाई केली तर आत ताण राहतो आणि महिन्यांनीसुद्धा पेला आपोआप तडकू शकतो.

पाऊसवेडी

मोझेलकाठी, काय सुंदर लिहिलंत! नापास झालेल्या पेल्यांचं काय होतं? स्वस्तात विकतात का? (प्रश्नामागचा हेतू सुज्ञांच्या लक्षात आला असेलच.)

मोझेलकाठी

:) निराशा करते. एखादा बुडबुडा, एखादी रेघ, वाळूचा न वितळलेला कण दिसला की पेला फोडतात. तपासणी एकदा नाही, जवळजवळ प्रत्येक टप्प्यानंतर असते. भट्टीतून निघाल्यावर पास झालेला पेला पैलू पाडल्यावर नापास होऊ शकतो, कारण पैलू पाडल्यावरच आतला बुडबुडा उघडा पडतो. फोडलेले तुकडे धुऊन पुन्हा मिश्रणात घालतात, त्याने रस लवकर वितळतोही.

गच्चीवरचा_वारा

ग्वाल्हेरचं नाव कोणी कसं काढलं नाही अजून? शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यातल्या दरबार हॉलची ती दोन अवाढव्य झुंबरं! ती टांगण्याआधी छत पेलेल की नाही हे बघायला छतावर हत्ती चढवले होते, ही कथा तिथला प्रत्येक गाइड सांगतो. आणि उदयपूरला तर अख्खं क्रिस्टलचं फर्निचर आहे, पलंगसुद्धा. फ्रेंचांना आपल्या संस्थानिकांनीच पोसलं म्हणा ना.

दस्तऐवज

गच्चीवरचा_वारा, उदयपूरचं फर्निचर फ्रेंच नाही. महाराणा सज्जनसिंहांनी १८७७ मध्ये ते बर्मिंगहॅमच्या एफ अँड सी ऑस्लर कंपनीकडून मागवलं. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात मधोमध जे प्रचंड काचेचं कारंजं होतं, तेही ऑस्लरचंच. हिंदुस्थानच्या बाजारात ऑस्लरचा जम मोठा होता, कलकत्त्यात त्यांची पेढी होती. संस्थानी घरांतल्या प्रत्येक झुंबरावर 'बाकारा' असं लेबल लावायची हौस असते, म्हणून लिहिलं.

बाकाराला खऱ्या अर्थाने पोसलं ते रशियाने. दुसरा निकोलस १८९६ मध्ये फ्रान्सला आला आणि त्यानंतर पीटर्सबर्गच्या राजवाड्यांसाठी मागणीचा ओघ लागला. त्याच्यासाठीचा ७९ दिव्यांचा, माणसाच्या दुप्पट उंचीचा उभा दीपवृक्ष आजही बाकाराच्या नावाशी जोडला जातो.

चौकटराजा

बाकाराचं झुंबर ओळखायची सोपी खूण: शेकडो पांढऱ्या लोलकांत एकच लाल अष्टकोनी लोलक असतो. हल्लीच्या झुंबरांवर ती त्यांची सहीच आहे. जुन्या वस्तूंवर मात्र शोधत बसू नका. बाकाराने १८६० मध्ये चिन्ह नोंदवलं (सुरई, पेला आणि ग्लास, वर्तुळात), पण ते कागदी लेबलावर असायचं, आणि लेबल पहिल्या धुण्यात जातं. ॲसिडने काचेवरच छाप उमटवायची पद्धत सर्रास झाली ती १९३६ पासून. म्हणजे पणजोबांच्या काळच्या वस्तूवर छाप नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. उलट तीवर छाप असेल तर संशय घ्या.

लालिकचंही असंच. रने लालिक १९४५ मध्ये वारला. तोवरच्या वस्तूंवर नावाआधी त्याचं आद्याक्षर असतं, नंतरच्या वस्तूंवर नुसतं 'लालिक'.

रंगपेटी

त्या लाल रंगावर एक मिनिट थांबा मंडळी. तो सोन्याने येतो! सोनं आम्लराजात विरघळवून रसात अगदी थोडं घालतात. गंमत म्हणजे भट्टीतून बाहेर काढताना काच फिक्कट, जवळजवळ बिनरंगी असते. ती पुन्हा तापवली की आतले सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाढतात आणि डोळ्यांदेखत लाली चढते. जास्त तापवलं तर रंग मळकट होतो, कमी पडलं तर गुलाबीवरच अडतो. निळ्यासाठी कोबाल्ट लागतो, तो त्या मानाने सरळमार्गी.

सँ-लुईचं खास काम म्हणजे दुहेरी काच. बिनरंगी काचेवर रंगीत काचेचा पातळ थर चढवायचा आणि मग वरून पैलू पाडत जायचं. जिथे चाक लागतं तिथे रंग निघून खालची नितळ काच उघडी पडते. तिथे हात चुकला तर झाकायला जागा नसते.

तिखटमीठ

सगळं कौतुक मान्य, पण त्यात शिसं आहे हो! मुलांना दूध देणार का त्या पेल्यात?

खडूफळा

प्रश्न रास्त आहे. शिसं काचेच्या जाळ्यात बांधलेलं असतं, पण आंबट आणि मद्याच्या द्रवात हळूहळू थोडं पाझरतं. वेळ जितका जास्त, तितकं जास्त. जेवताना पेल्यात वाइन घेतली आणि धुऊन ठेवला, तर पाझरायला फारसा अवधीच मिळत नाही. सुरईत व्हिस्की किंवा पोर्ट महिनोन्‌महिने भरून शोभेला ठेवणं मात्र सोडून द्यावं. लोणचं, लिंबाचं सरबत त्यात ठेवू नये. लहान मुलं आणि गर्भवती स्त्रियांसाठी तर वापरूच नये.

आणि भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नका. तिथला साबण अल्कधर्मी, पाणी कडक गरम. काही महिन्यांत चकाकी जाऊन काच कायमची धुरकट होते.

तिखटमीठ

धन्यवाद सर. मग शिसं नसलेलं क्रिस्टल मिळतं, पारदर्शकही असतं, यंत्रातही धुता येतं, तर ही जुनी पद्धत धरून बसायचं कारण काय? माझ्या मते अर्धी किंमत नावाचीच आहे.

चौकटराजा

नावाची किंमत असते, नाकारत नाही. पण पैलूंचं काम जवळून बघा.

बाकाराचा आर्कूर पेला घ्या, १८४१ पासून चालत आलेला. जाड काच, वाटीला सहा सपाट पैलू, बैठकही षट्कोनी. नक्षी नाहीच. सोपा वाटतो ना? सपाट पैलू हे सर्वांत निर्दयी काम. फुलापानांच्या नक्षीत सूतभर चूक लपते, सपाट पृष्ठावर प्रकाश पडला की चाक जरा डगमगलेलंही दिसतं. कारागीर पेला चाकावर वरून दाबून धरतो आणि काचेच्या आरपार बघत चाक कुठवर आलं याचा अंदाज घेतो. खुणेपुरत्या दोनचार रेघा काचेवर आखलेल्या असतात, बाकी सगळं बोटांत. पाण्याची धार सतत चालू, कारण काच तापली तर गेली. पूर्वी आधी लोखंडी चाक आणि वाळू, मग दगडी, मग लाकूड-बुचाचं चाक आणि प्यूमिसची पूड अशा पायऱ्या होत्या. आता सुरुवातीला हिऱ्याच्या कणांची चाकं आहेत. त्याने वेग वाढला, पण काच धरणारा हात तोच राहिला.

शिसं नसलेली काच कडक असते. तिला एवढे खोल, धारदार पैलू पाडणं जिकिरीचं. यंत्रावरच्या पेल्याला ते लागत नाहीत, म्हणून तिथे ती चालते.

तिखटमीठ

हे पटलं. तरी रोजच्या वापराला मी साधाच पेला घेईन, आणि त्यात काही कमीपणा मानणार नाही.

रंगपेटी

तिखटमीठ, लालिक तुमच्याच बाजूचा होता! रने लालिकने काचेत काम केलं ते बहुतांश कमी शिशाच्या, स्वस्त काचेत आणि साच्यात दाबून. मूळचा तो दागिने घडवणारा. फ्रान्स्वा कोती या अत्तरवाल्यासाठी १९०८ च्या सुमारास कुप्या करू लागला आणि त्याचं मन काचेत रमलं. सुंदर वस्तू बऱ्याच घरांत जावी, एका महालात अडकू नये, असं त्याचं धोरण. पूर्ण शिशाच्या क्रिस्टलकडे कारखाना वळला तो त्याच्या पश्चात, मुलगा मार्कच्या काळात. त्याच्या १९२७ च्या 'बाकांत' फुलदाणीवर नाचणाऱ्या स्त्रियांची रांग आहे. अंगावर धुकट पोत, कडांवर चकाकी. तिला एकही पैलू नाही.

चौकटराजा

म्हणूनच लालिकला या धाग्यात बसवणं मला जड जातं. शिल्पकार थोर, वाद नाही. पण साच्यात दाबलेली काच आणि तोंडाने फुंकून चाकावर कापलेलं क्रिस्टल या दोन वेगळ्या विद्या आहेत.

रंगपेटी

वेगळ्या विद्या, पण एकाच जंगलातल्या. साचा कोरणाराही कारागीरच. दोमचं काय म्हणाल? ते तर काचेची भरड साच्यात भरून भट्टीत वितळवतात, म्हणजे फुंकणं नाही आणि कापणंही नाही. मेणाची मूळ आकृती, तिच्यावर उष्णतेला टिकणारा साचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत रंगीत क्रिस्टलचे दाणे भरायचे. कुठे कोणत्या रंगाचा दाणा ठेवायचा हे आधी ठरवायचं, वितळल्यावर काय होणार ते साचा फोडल्यावरच कळणार. दोमने ही पद्धत १९६८ मध्ये क्रिस्टलसाठी पुन्हा हाती घेतली.

पाऊसवेडी

तुम्ही दोघं भांडत राहा, आम्ही शिकत राहतो.

जुनाबाजार

पेपरवेटवर कोणीच लिहिलं नाही, म्हणून आत शिरतो.

१८४५ च्या सुमारास व्हेनिसच्या कारागिरांची रंगीत कांड्यांची काच प्रदर्शनात झळकली आणि फ्रान्समध्ये पेपरवेटचं वेड आलं. बाकारा, सँ-लुई आणि पॅरिसजवळचं क्लिशी, हे तीन कारखाने आघाडीवर. रंगीत काचेच्या जाड कांडीत फुलाची आकृती रचायची, ती तापवून दोरीसारखी लांब ओढायची आणि मग तिचे बारीक काप करायचे. प्रत्येक कापात तेच फूल, फक्त टाचणीच्या डोक्याएवढं. असे शेकडो काप ओळीने मांडायचे आणि वर नितळ क्रिस्टलचा घुमट चढवायचा. काही कापांत बारीक आकडे दडवलेले असतात, १८४७, १८४८ असे. भिंग लागतं.

पाच-दहा वर्षांत ही लाट ओसरली आणि विद्या हातातून गेली. पुढचा भाग मला फार आवडतो. दुसऱ्या महायुद्धात बाकाराचं चर्च बॉम्बने उद्‌ध्वस्त झालं. १९५१ मध्ये ढिगारा उपसताना कोनशिलेत पुरलेलं एक पेपरवेट सापडलं, त्यावर साल १८५३. त्याने कुतूहल पुन्हा जागं झालं, आणि बाकाराने पन्नासच्या दशकात ती कला जवळजवळ नव्याने शिकून घेतली. आणि पुन्हा बांधलेल्या त्या चर्चच्या भिंतीत रंगीत क्रिस्टल बसवलंय, बाकाराचंच.

गच्चीवरचा_वारा

अवांतर: काचेवरून तळेगाव आठवलं. पैशाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसाफंडाचा काच कारखाना तिथे १९०८ मध्ये सुरू झाला. टिळकांचा त्याला पाठिंबा होता. तिथे शिकलेली माणसं पुढे देशभर काचधंद्यात पसरली. कराडजवळच्या ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील तर आपल्या आजी-आजोबांच्या घरोघरी होते. कंदिलाची काच ऐन थंडीत गरम व्हायची, वर पावसाचा थेंब पडायचा, तरी टिकायची. तीही विद्याच.

सांजदिवा

अवांतर मुळीच नाही, गच्चीवरचा_वारा. माझ्या मूळ प्रश्नाशी याचा जवळचा संबंध आहे: विद्या एका गावात कशाने मुरते आणि कशाने सुटते?

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा वाचले. लाकूड, नदी, राखेतला क्षार ही सुरुवातीची कारणं झाली. शिसं तर बाहेरून आणावं लागे, आणि उत्तम वाळूही पुढे पॅरिसच्या बाजूच्या फोंतेनब्लोहून. म्हणजे कच्चा माल हे टिकण्याचं कारण नव्हे. दस्तऐवज, यावर लिहाल का?

दस्तऐवज

लिहितो. माझं उत्तर असं: सीमा हलत राहिल्या आणि माणसं कामाच्या मागे गेली.

पहिला प्रसंग १८१५ चा. आत्ताच्या बेल्जियममधलं व्होनेश तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होतं आणि तिथे दार्तिग नावाच्या माणसाचा क्रिस्टलचा भरभराटीचा कारखाना होता. हा गृहस्थ आधी सँ-लुईचा संचालक होता. नेपोलियन पडला, व्होनेश नेदरलँड्समध्ये गेलं आणि त्याच्याच मालावर फ्रान्समध्ये जकात बसली. त्याने अठराव्या लुईशी बोलणी केली: काही काळ जकात माफ करा, मी फ्रान्समध्ये क्रिस्टल सुरू करतो. आणि १८१६ मध्ये डबघाईला आलेलं बाकारा विकत घेतलं. बाकाराचं क्रिस्टल तिथून सुरू होतं. म्हणजे ते एका जकातीच्या पोटी जन्मलं! व्होनेशच्याच दोघांनी १८२६ मध्ये बेल्जियममध्ये व्हाल-सँ-लांबेर काढलं.

दुसरा प्रसंग १८७१ चा. फ्रान्स हरला, लॉरेनमधला मोझेलचा पट्टा जर्मनीला गेला. सँ-लुई जर्मनीत, बाकारा फ्रान्समध्ये, मध्ये नवी सरहद्द. ज्यांना जर्मन व्हायचं नव्हतं ते नान्सीला आले. जां दोम त्यातलाच, पेशाने नोटरी. त्याच्याकडे कर्जापोटी एक काचकारखाना आला आणि मुलांनी त्याचं सोनं केलं. काचकलाकार एमिल गाले नान्सीचाच, पण त्याची काच बरीच वर्षं सरहद्दीपलीकडे मायझेनतालला बनत होती. नान्सीत काचेची एवढी मोठी चळवळ उभी राहिली त्यामागे हे विस्थापित लोक आणि त्यांचा पैसा, दोन्ही होतं.

आता माणसं धरून ठेवायची कशी? बाकाराने भट्टीला लागूनच कामगारांची घरं बांधली. मुशीतला रस कधी तयार होईल याचा नेम नसे. रात्री-अपरात्री घंटा व्हायची आणि लोक उठून कामाला जायचे. सोबत शाळा, बचतीची सोय, म्हातारपणची तजवीज. बाप फुंकणारा, मुलगा रस आणून देणारा पोऱ्या. याला मालकाचं औदार्य म्हणा किंवा हिशेब म्हणा. मुरलेला फुंकणारा तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आणि तो शेजारच्या कारखान्यात गेला तर गुपित घेऊनच जातो. घर दिलं की तो जात नाही.

खडूफळा

उत्तम. बाकाराच्याच एका फुंकणाऱ्याची भर घालतो. इस्माएल रोबिने. दम पुरेनासा झाला तेव्हा त्याने १८२० च्या दशकात नळीला जोडायचा एक छोटा हवेचा पंप काढला. त्याने साच्यात काच जोराने फुगवता येऊ लागली आणि साच्याची नक्षी ठसठशीत उमटू लागली. फुप्फुसं थकली म्हणून तंत्र पुढे गेलं.

तिखटमीठ

घर देऊन बांधून ठेवण्याबद्दल एक शंका. नोकरी गेली तर घरही जाणार. त्या पोऱ्यांचं वय काय असायचं? शेंदराची धूळ कोणाच्या छातीत जायची? कौतुकाच्या वेळी हेही बोललं पाहिजे.

दस्तऐवज

नक्कीच बोललं पाहिजे. एकोणिसाव्या शतकात काचभट्ट्यांवर मुलं सर्रास असायची, रात्रपाळीतही. शिशाची बाधा हा या धंद्यातला ओळखीचा आजार होता. आज मिश्रण बंद यंत्रणेत हाताळतात आणि कामगारांचं रक्त नियमित तपासतात. त्या पेल्यांच्या चकाकीत हा हिशेबही धरावा लागतो, तुमचं म्हणणं योग्य आहे.

मोझेलकाठी

आज प्रश्न उलटा झालाय. घर देऊनही तरुण येतील का? सारबूर्गच्या शाळेत काचकामाचं शिक्षण मिळतं, वान-ल-शातेल इथे काचेचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथून निघालेली मुलं-मुली आता भट्टीवर दिसतात. मुली, हे मुद्दाम लिहिते, कारण गरम भट्टीवर पूर्वी पुरुषच असायचे आणि बायका पैलू, सोनेरी काम आणि तपासणीत. देशातल्या सर्वोत्तम कारागिरांची स्पर्धा १९२४ पासून चालते. ती जिंकणाऱ्याच्या कॉलरवर निळा-पांढरा-लाल पट्टा असतो, आणि क्रिस्टलच्या गावात तो पट्टा मिरवणाऱ्याला खरोखर मान आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये हाताने काच घडवण्याची विद्या युनेस्कोच्या यादीत आली. फ्रान्ससोबत चेकिया, जर्मनी, फिनलंड, हंगेरी आणि स्पेन होते.

पाऊसवेडी

मोझेलकाठी, पुढच्या हिवाळ्यात तिकडे येणं होणार आहे. काय बघू? खरेदी जमणार नाही, बघणं जमेल.

मोझेलकाठी

पाऊसवेडी, नक्की या. सँ-लुईला कारखान्यातच संग्रहालय आहे, २००७ पासूनचं, विंगेनला लालिकचं. दोन्ही एकमेकांपासून जवळ आहेत. पण हिवाळ्यात येताय तर मायझेनताल चुकवू नका. तिथला जुना काचकारखाना १९६९ मध्ये बंद पडला होता, आता तिथे काचकलेचं केंद्र आहे आणि नाताळच्या झाडावर टांगायचे काचेचे गोळे फुंकून करतात. या भागात सांगतात की १८५८ मध्ये दुष्काळ पडला, झाडावर टांगायला सफरचंदं नव्हती, म्हणून शेजारच्या गोएत्झेनब्रुकच्या एका फुंकणाऱ्याने काचेची फळं केली. भट्टीपासून थोड्या अंतरावर उभं राहून बघता येतं. सुट्टीचे दिवस टाळा, फार गर्दी होते. आणि जाड मोजे घाला, भट्टीसमोर चेहरा भाजतो पण पाय गारठतात.